शेतात घोटाभर पाणी, तरी कपाशीने मान टाकली. आणि धानाला मात्र काहीच कसं होत नाही?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्हा, भारी काळी जमीन. कपाशी ६५ दिवसांची, पात्या-फुलांवर. मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी. तीन आठवडे पावसाने ताण दिला आणि मग दोन रात्री असा कोसळला की खोलगट भागात तीन दिवस घोटाभर पाणी साचून राहिलं. ढगाळ होतं तोवर सगळं ठीक दिसत होतं. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, कडक ऊन पडलं आणि दुपारपर्यंत त्या पट्ट्यातली कपाशी सुकली. पानं हिरवीच आहेत, पण ओल्या फडक्यासारखी लोंबतायत. पायाखाली अजून चिखल.

बांधापलीकडे धानाच्या बांधीत याहून जास्त पाणी, तेही महिनाभर. धान मजेत.

विचारायचं असं: पाण्यात उभं राहून झाड सुकतं कसं? हा मर रोग आहे का? धानाला जे जमतं ते कपाशीला का नाही? आणि आत्ता युरिया टाकू का, कारण कडेची झाडं पिवळी पडायला लागलीत?

मुळाक्षर

पाण्यात उभं असलं तरी झाड खरोखर तहानलंय. पाणी आहे, ते ओढायची ताकद मुळांत उरलेली नाही. कारण मुळांचा श्वास कोंडलाय.

जमिनीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा बाहेर जाते, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८. शिवाय हवेत ऑक्सिजन जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याने तो पाण्यात पसरतो. म्हणजे साठा संपला की वरून भरपाई जवळजवळ होतच नाही. उबदार जमिनीत मुळं आणि जिवाणू मिळून तो साठा एक-दोन दिवसांत फस्त करतात.

त्यानंतर मुळाच्या पेशीत काय घडतं? ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून साधारण ३० एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, नसताना फक्त २. तेवढंच काम चालवायला पंधरापट साखर जाळावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी पानांकडून खाली येणारी साखर मंदावते, कारण ती मुळांत उतरवून घ्यायलाही ऊर्जाच लागते. पेशी आंबवण्यावर येते. आधी थोडं लॅक्टिक आम्ल बनतं. त्याने पेशीरसाचा सामू (पीएच) साडेसातच्या आसपासवरून सातच्या खाली घसरतो. सामू घसरला की पायरुव्हेट डीकार्बोक्सिलेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि गाडी लॅक्टिक आम्लावरून अल्कोहोलकडे वळते. हे वळण झाडाच्या फायद्याचं आहे: अल्कोहोल मुळातून बाहेर झिरपून जातं, आम्ल आतच साचतं. अल्कोहोल बनवण्यामागे झाडाला हवं असतं ते एनएडी, म्हणजे साखर फोडायला लागणारा मदतनीस रेणू, परत मोकळं होणं. ते नसेल तर ती दोन एटीपीसुद्धा बंद.

आता सुकण्याचं. मुळांच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घेणारी बारीक दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. पेशीरस आम्लधर्मी झाला की ती मिटतात. हे २००३ साली अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या तणावर सिद्ध झालं. त्या प्रथिनातलं हिस्टिडीन नावाचं एक ठरावीक अमिनो आम्ल आम्लतेची चाहूल लागताच दार ओढून घेतं. ढगाळ तीन दिवस पानांतून बाष्प कमी उडत होतं म्हणून दारं बंद असल्याचं दिसलं नाही. ऊन पडलं, वरून मागणी वाढली, खालून पुरवठा नाही, झाड लोंबलं. आधीच्या ताणाने यात भर घातली. पाहा, त्या पट्ट्यातही पहिली माना टाकणारी झाडं सगळ्यांत डेरेदार, जास्त पात्या-बोंडांची असतील. किडकिडीत झाडं तगून राहतात, त्यांची मागणीच कमी.

एक बारकावा तपासून घ्या. पान चिमटीत धरा. मऊ, निर्जीव लागलं तर ते सुकणं. पान ताठ आहे पण देठ खाली वाकलाय, असं असेल तर तो इथिलीनचा, म्हणजे झाडातल्या वायुरूप संप्रेरकाचा, प्रताप. बुडालेल्या मुळांत इथिलीनच्या आधीचा पदार्थ, एसीसी, साचतो. शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो, तो तिथे नाही. मग एसीसी रसाबरोबर वर चढतं आणि हवेतल्या पानांत त्याचं इथिलीन होतं. ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी १९८० मध्ये टोमॅटोत हे दाखवलं. देठ वाकणं, खालची पानं पिवळी पडणं, पातेगळ या तिन्हींत त्याचा हात आहे.

वापसा

वरच्या उत्तराला जोडून शेतातलं.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आपल्याकडे कपाशीची आकस्मिक मर म्हणतात. नावात मर असली तरी हा बुरशीचा रोग नाही. खात्री अशी करा: दोन झाडं कुदळीने खणून काढा, उपटू नका, उपटलं की बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात आणि जे पाहायचं तेच हरवतं. खोड जमिनीलगत उभं चिरा. लाकडात तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर. लाकूड पांढरं, स्वच्छ असेल तर आकस्मिक मर. मुळाची साल चिंध्यांसारखी निघते, चिकट लागते आणि झाड एका हाताने सहज उपटतं, असं असेल तर मूळकूज. शिवाय नकाशा पाहा. आकस्मिक मर पाण्याच्या रेषेबरहुकूम येते, जिथवर पाणी होतं तिथवरच. बुरशीची मर ठिकठिकाणी, कुठेही.

कामाचा क्रम. पहिलं पाणी काढा. खोलगट भागातून उताराच्या दिशेने फावड्याने वीतभर खोल चर, आणि कपाशीच्या दर आठ-दहा ओळींनंतर एक सरी मोकळी. उतारच नसेल तर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन पंपाने उपसा. हे होईपर्यंत बाकी सगळं व्यर्थ. बुडालेल्या मुळाला वरून काहीही पाजलं तरी ते पिऊ शकत नाही, मुळाक्षर यांनी कारण सांगितलंच आहे.

दुसरं, सुकलेल्या झाडांवर कोबाल्ट क्लोराईड १० पीपीएम फवारा. एसीसीचं इथिलीन करणाऱ्या विकराला कोबाल्ट अडवतं, म्हणून ते चालतं. पण लक्षणं दिसल्यापासून काही तासांत, फार तर पहिल्या एक-दोन दिवसांत. पानं कुरकुरीत झाल्यावर पैसे फेकू नका.

तिसरं, पाणी उतरल्यावर आळवणी. १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरं पोटॅश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम. झाडामागे १०० मिली, बुंध्याशी. हजार झाडं बाधित असतील तर १०० लिटर द्रावण, म्हणजे युरिया २ किलो, पोटॅश १ किलो, कॉपर २५० ग्रॅम. सगळ्या एकराला करत बसू नका, पाण्याच्या रेषेच्या आतल्याच झाडांना. आळवणीनंतर हललेल्या झाडांच्या बुंध्याशी माती पायाने दाबून घ्या. चिखलात झाड डोलतं, खोडाभोवती भेग पडते आणि उरलीसुरली मुळं तिथे तुटतात.

युरियाबद्दल: चिखलात फेकू नका. ऑक्सिजन संपल्यावर जमिनीतले जिवाणू श्वासाला दुसरं काही शोधतात, आणि त्यांचा पहिला डोळा नायट्रेटवर असतो. त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. तुमची कडेची झाडं पिवळी पडण्याचं निम्मं कारण तेच: जमिनीतलं नत्र उडालं, उरलेलं मुळांना घेता येत नाही, म्हणून झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. सध्या पानांतूनच द्या. युरिया २ टक्के, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, किंवा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) १० लिटरला १०० ग्रॅम. सकाळी लवकर किंवा चारनंतर. जमिनीतला हप्ता वापसा, म्हणजे मशागतीला योग्य इतपत ओल, आल्यावर.

आणि वापसा म्हणजे वापसा. काळ्या मातीची मूठ वळा, कंबरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर डवरणी (कोळपणी) चालेल. चपटा होऊन बसला तर थांबा. ओल्यात डवरा घातला की त्याच्या पासेने (पात्याने) खालची माती लिंपल्यासारखी होते, पोकळ्या मिटतात आणि मुळांना जी थोडी हवा मिळणार होती तीही जाते.

टॉनिकच्या बाटल्या या आठवड्यात नकोत. त्यातही इथेफॉनचं काही हाती लागलं तर मुळीच नको. ते फवारणं म्हणजे इथिलीनच फवारणं.

पऱ्हाटी

दोघांचेही आभार. खोड चिरलं, लाकूड स्वच्छ. मुळं वरून बरी, टोकं मात्र तपकिरी, आणि बोटाने ओढली की साल मोज्यासारखी निघते, आत दोरा राहतो. चर सुरू केलेत.

आणखी दोन गोष्टी. तुरीच्या खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर काळपट खोलगट चट्टे दिसतायत, तीही आकस्मिक मरच का? दुसरं, एका ठिकाणी वाचलं की हायड्रोजन पेरॉक्साईड पाण्यातून सोडलं की मुळांना ऑक्सिजन मिळतो. करू का?

वापसा

तुरीचं वेगळं आहे. तो फायटोफ्थोरा करपा. चट्टा खोडाभोवती फिरला की वरचा भाग वाळतो आणि वाऱ्याने तिथेच मोडतो. याचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे साचलेलं पाणी ही त्यांची वाट. उपाय आधी निचराच, चट्टा पूर्ण फिरलेली झाडं काढून शेताबाहेर, बाकीच्यांना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण लेबलवरच्या मात्रेने, खोडावर बसेल असं. तूर तशीही साचलेल्या पाण्याला फार नाजूक. पुढच्या वर्षी तुरीची तासं वरंब्यावर घ्या, सपाटीवर नको.

पेरॉक्साईडचं गणित करून पाहू. ३ टक्क्यांच्या एक लिटर द्रावणातून मिळणारा ऑक्सिजन साधारण १४ ग्रॅम. पीक उभं असलेली उबदार जमीन एका चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम ऑक्सिजन खाते. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला २० ते ४० किलो. त्यासाठी रोज चौदाशे ते अठ्ठावीसशे लिटर द्रावण लागेल. आणि मातीतल्या विकरांमुळे ते झपाट्याने फुटतं, बराचसा ऑक्सिजन बुडबुडे होऊन वर निघून जातो. एक चर त्याहून जास्त हवा आणतो आणि फुकट.

गॅलरीतली_बाग

मधेच घुसते, माफ करा. कुंडीतही हेच होतं ना? तळाला खडी घालायला सांगतात ती म्हणून का?

वापसा

हेच होतं, पण खडीने उलट बिघडतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओलाचिंब थर असतो तो खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. त्यापेक्षा मिश्रणातच भरड वाळू, कोकोचिप्स किंवा भाताचं तूस घाला, भोकावर फक्त एक खापराचा तुकडा. आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

बांधी

धानाचा प्रश्न राहिला, तो घेतो. धान पाण्यात जगतं ते श्वासाविना नाही. ते स्वतःची हवा घेऊन पाण्यात उतरतं.

बांधीतून एक चूड उपटा, मुळं धुवा, एक जाडसं मूळ ब्लेडने आडवं कापा आणि साध्या भिंगाखाली धरा. मधोमध शिरांचा गाभा, बाहेर सालीचं कडं आणि दोहोंच्या मधे सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक पट्ट्या. आऱ्यांमधल्या जागा रिकाम्या. त्या हवेच्या नळ्या, पानापासून मुळाच्या टोकाकडे जाणाऱ्या. त्या पेशी मरून तयार होतात. झाड स्वतःच त्यांना संपवून रस्ता मोकळा करतं, म्हणजे तितक्या पेशींचा खर्चही वाचतो. गंमत म्हणजे ही मोडतोडही इथिलीनच घडवून आणतं. मक्याच्या मुळातही असं होतं, पण त्याला पाणी लागल्यावर कामाला लागावं लागतं. धानात काही नळ्या आधीपासूनच तयार असतात. कपाशीला ही सोय जवळपास नाही.

नळी एवढ्याने भागत नाही, ती गळायला नको. धानाच्या मुळाच्या बाहेरच्या थरात सुबेरिनचा, म्हणजे बुचासारखा, लेप बसतो, त्यामुळे हवा वाटेत न गळता टोकापर्यंत पोचते. टोकाशी मात्र ती मुद्दाम सुटते. धुतलेल्या मुळांवर गंजासारखा नारिंगी थर दिसेल आणि टोकं पांढरी. तो थर म्हणजे बाहेर सुटलेल्या ऑक्सिजनने जमिनीतल्या विरघळलेल्या लोहाचा बनवलेला गंजच. हे चांगलं लक्षण आहे. मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर ऑक्सिजन बाहेर पडत नाही, हायड्रोजन सल्फाईड जिंकलंय. अशा वेळी बांधीतलं पाणी सोडून तीन-चार दिवस, बारीक भेगा पडेपर्यंत, उघडी ठेवा. लोह फार झालं तर खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके पसरतात, तिथेही हाच उपाय.

पण धानालाही मर्यादा आहे. ही सगळी व्यवस्था पानं पाण्याबाहेर असतील तर. पूर्ण बुडालं की नेहमीचं वाण वर यायला धडपडतं, साखर उधळतं, आठवड्याभरात थकतं आणि पाणी उतरल्यावर लोळतं. ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक वाणातून निवडलेलं एफआर १३ ए मात्र बुडाल्यावर वाढ थांबवून गप्प बसतं. त्यातला हा गुण ९ व्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ मध्ये कळलं आणि सब-१ए हे जनुक २००६ मध्ये हाती आलं. ते जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला जुमानत नाही, खोड लांबू देत नाही, साखर राखून ठेवतं. ते जनुक संकराने स्वर्णा वाणात उतरवलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ आपल्या देशात प्रसारित झालं. दोन आठवडे बुडूनही ते परत फुटतं. पूर्व विदर्भात स्वर्णा ओळखीचं आहे, पण सब१ घेण्याआधी आपल्याकडे पाणी कसं येतं ते पाहा. दोन-तीन आठवड्यांत उतरणाऱ्या पुराला ते बरोबर. महिनोन्‌महिने चढतं राहणाऱ्या पाण्याला चूक. तिथे गप्प बसणारं मरतं.

चढत्या पाण्यातली खोल पाण्याची वाणं नेमकं उलट करतात. स्नॉर्केल नावाची दोन जनुकं, २००९ मध्ये सापडली, इथिलीनच्या इशाऱ्यावर जिबरेलिन वाढवतात आणि खोड दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर लांबतं. सब-१ए आणि स्नॉर्केल एकाच कुळातली जनुकं. इशारा तोच, निर्णय विरुद्ध.

बियाण्याबद्दलही सांगून टाकतो, कारण कोकणात रहू पद्धतीने मोड आलेलं बी फेकणारे इथे नेहमी हाच प्रश्न घेऊन येतात. धानाचं बी ऑक्सिजनशिवायही फुगतं, फुटतं. गहू-जवाला ते जमत नाही, कारण त्यांच्या दाण्यातला स्टार्च हवेविना साखरेत बदलत नाही. पण हवेविना धानाचा फक्त अंकुरकोश (कोंबाचं आवरण) लांबतो, मूळ येत नाही. म्हणजे झाड आधी नाक वर काढतं, पाय नंतर रोवतं. म्हणून रहू केल्यावर पहिले काही दिवस चिखल ओला हवा, पाणी साचलेलं नको. साचलं तर पांढरे लांबट कोंब दिसतात, ते जमिनीला धरलेले नसतात आणि पाणी हललं की कोपऱ्यात जमा होतात. तेव्हा नवं बी फेकण्याची घाई करू नका, आधी पाणी सोडा. हवा लागली की दोन-तीन दिवसांत मुळं येतात.

खाजणकाठ

मुळं वर काढणारी मंडळी विसरू नका. खाडीकाठी ओहोटीला चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखं दिसतं ती तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाची, श्वसनमुळं. त्यांच्या सालीवर बारीक रंध्रं असतात. ओहोटीला हवा आत, भरतीला रंध्रांतून पाणी शिरत नाही. पाण्याखाली असताना आतला ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायॉक्साईड पाण्यात विरघळून जातो, आतला दाब घटतो, आणि पाणी उतरताच हवा आपोआप ओढली जाते. पांढऱ्या चिप्पीची मुळं याहून जाड, शंकूसारखी. हाच २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष. कांदळ स्वतः पेन्सिली काढत नाही, खोडापासून कमानीसारखी आधारमुळं सोडतो आणि रंध्रं त्यांवर.

व्यवहारातली गोष्ट ही: या मुळांवर दोन-चार इंच गाळ किंवा भराव चढला की रंध्रं बुजतात आणि झाड उभ्याउभ्या मरतं. पानांवर लक्षणं दिसेपर्यंत मुळं गेलेली असतात. भरावाला परवानगी मागणारे म्हणतात ‘झाड तोडलं नाही’. तोडायची गरजच पडत नाही.

आणि कमळकाकडी चिरताना जी भोकं दिसतात तीही हीच सोय. कोवळ्या पानांत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब तयार होतो आणि हवा देठातून खाली चिखलातल्या खोडात ढकलली जाते. नुसती पसरत नाही, वाहते.

मुळाक्षर

एका गोष्टीवर वापसा यांच्याशी थोडा मतभेद. इथिलीन सरसकट खलनायक नाही. बांधी यांनी सांगितलेल्या नळ्या, बुंध्यातून फुटणारी नवी मुळं, सोयाबीनच्या खोडाला जमिनीलगत येणारा पांढरा भुसभुशीत फुगवटा, या सगळ्यांमागे तेच आहे. सोयाबीनवर तो फुगवटा दिसला तर रोग समजून खरवडू नका, तो झाडाचा श्वासमार्ग आहे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींनाही हवा त्यातूनच जाते. ऊस पाण्यात राहिला की कांड्यांवर मुळ्या फुटतात, तेही तेच. (उसाला पुरात मारतो तो बहुतेकदा पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) बसलेला गाळ, मुळांचा श्वास नंतर.) म्हणून कोबाल्ट फक्त मान टाकलेल्या कपाशीला. बांधावरच्या सोयाबीनवर, उसावर उगाच नको.

ऑक्सिजन संपल्याचं झाडाला कळतं कसं, हेही विचारायला हवं होतं कुणीतरी. २०११ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी उलगडलं. काही नियंत्रक प्रथिनांच्या टोकाशी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. ऑक्सिजन असेल तर ते टोक ऑक्सिडाइझ होतं आणि प्रथिन लगेच मोडीत निघतं. ऑक्सिजन संपला की ते टिकतं, केंद्रकात जातं आणि आंबवण्याची जनुकं सुरू करतं. म्हणजे झाड ही प्रथिनं सतत बनवतं आणि सतत मोडतं, फक्त मोडणारा कधी थांबतो याची वाट पाहत. खर्चिक वाटेल, पण पूर आल्यावर बनवायला घेतलं तर ऊर्जा कुठून आणणार? सब-१ए या मोडतोडीतून निसटतं, हे त्याचं आणखी एक वैशिष्ट्य.

आणि पाणी उतरणं म्हणजे संकट टळणं नाही. ऑक्सिजन अचानक परत आला की उपाशी पेशींत त्याची जहाल रूपं तयार होतात, साठलेल्या अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, तेही विषारी. बरीच झाडं बुडालेली असताना नाही, या दोन दिवसांत जातात. रोपवाटिका किंवा भाजीपाला असेल तर पाणी काढल्यावर पहिले दोन दिवस दुपारी शेडनेट धरा. कपाशीच्या शेतात ते शक्य नाही, म्हणून तिथे पाणी संध्याकाळी काढता आलं तर उत्तम. पण संध्याकाळची वाट पाहत दिवस वाया घालवू नका.

पऱ्हाटी

चर पूर्ण झाले, पाणी निघालं. आळवणी उद्या. फवारणी आत्ता करायला निघालोय, पण अडलो. १० पीपीएम म्हणजे १५ लिटरच्या पंपाला किती? दुकानात ५ ग्रॅमची पुडी मिळाली.

वापसा

१० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. तुमच्या पंपाला ०.१५ ग्रॅम लागेल, ते घरच्या काट्यावर मोजता येत नाही आणि अंदाजाने टाकलं तर दहापट पडतं, पानं भाजतात. म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये पूर्ण ५ ग्रॅमची पुडी विरघळवा. लिटरला १ ग्रॅम झालं, द्रावण गुलाबी दिसेल. त्यातलं १५० मिली प्रत्येक पंपाला, बाकी साधं पाणी. हातमोजे घाला, हे विषारी आहे, आणि कॅन पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा. फक्त लोंबलेल्या झाडांवर फवारा, पानं ओली होतील एवढंच. उरलेल्या द्रावणावर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, परत पाऊस आला तर लागेल.